कूलरचं तोंड

त्या उन्हाळ्यात भगवंतरावांच्या घरात सगळ्यात जास्त मान कोणाला असेल, तर तो वर्षालीच्या लॅपटॉपला होता. खुद्द भगवंतराव दुसऱ्या नंबरवर. आणि ज्या घरात भगवंतराव दुसऱ्या नंबरवर जातात, तिथं काहीतरी बिघडणारच, एवढं तरी माणसानं ओळखावं.

वर्षाली त्या घरची मोठी सून. नवरा मनोज दर्यापूरला बियाण्याच्या दुकानात बसायचा, सकाळी जीपनं जायचा आणि अंधार पडता पडता यायचा. वर्षाली घरी बसून पुण्याच्या एका विमा कंपनीचं काम करायची. दवाखान्यांची बिलं तपासायची आणि कोणी जास्तीचं काही लावलं असेल तर लाल खूण करायची. गावात ही गोष्ट पोथीतल्या चमत्कारासारखी सांगितली जायची. भगवंतरावांची सून चुलीजवळून उठते, टेबलावर बसते आणि पुण्याच्या दवाखान्यांचा कान पिळते! भगवंतराव स्वतः हे चारचौघांत सांगायचे आणि सांगताना मिशीवरून हात फिरवायचे.

लॅपटॉप मात्र म्हातारा. तिच्या भावानं अमरावतीला कॉलेजात असताना वापरलेला, बहिणीच्या लग्नानंतर तिला देऊन टाकलेला. मार्चमध्ये कंपनीनं कळवलं की नवीन प्रोग्राम येतोय, ज्यांच्या मशीनची मेमरी आठ जीबीच्या खाली असेल त्यांचं काम दुसऱ्यांना देण्यात येईल. वर्षालीच्या लॅपटॉपची होती चार. ती दोन दिवस जेवली नाही धड.

तेव्हा पुढं आला पिंटू, तिचा धाकटा दीर. अमरावतीला हार्डवेअरचा कोर्स करून आलेला, आणि दिवाळीपासून दर्यापूरच्या स्टँडजवळ मोबाइल कव्हरच्या दुकानात अर्धं टेबल मांडून बसलेला. भगवंतरावांना ते टेबल पसंत नव्हतं. शेतकऱ्याच्या पोरानं एकतर वावरात जावं, नाहीतर मामाच्या ओळखीनं अकोल्याच्या डाळमिलीत लागावं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी बापलेकात ठरलं होतं की मृग लागेपर्यंत पिंटूला मोकळीक. तोवर टेबल चाललं तर चाललं, नाहीतर डाळमिल.

"वहिनी, नवा घ्याची काही गरज नाही," पिंटू म्हणाला. "याच्यात मेमरीची एक जागा रिकामी हाय. आठची पट्टी टाकून देतो, घोड्यावानी पळते का नाही पाहा."

पट्टी बसवण्याचा कार्यक्रम ओसरीवर झाला. माणिकबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नवी वस्तू आली म्हणून लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लावलं. त्या नारळही फोडणार होत्या, पण पिंटूनं हात जोडले. त्यानं आधी खिडकीच्या गजाला हात लावला, अंगातली वीज उतरवायला म्हणे, मग मागचं छोटं झाकण उघडलं, हिरवी पट्टी तिरकी धरून खाचेत घातली आणि अंगठ्यानं दाबली. टक् असा आवाज झाला. पडद्यावर बारा जीबी असा आकडा आला तेव्हा सगळ्यांनी तो वाकून पाहिला, आणि ज्यांना जीबी म्हणजे काय हे माहीत नव्हतं त्यांनी जास्त वेळ पाहिला. "हात चांगला हाय पोट्ट्याचा," भगवंतराव म्हणाले. पिंटूला बापानं आयुष्यात दिलेली ही पहिली शाबासकी असावी. तो ऐकून बावरलाच.

एप्रिल लागला आणि कूलर निघाला. आता तिकडचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको, आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. लोखंडी पेटीचा, तिन्ही बाजूंनी गवत लावलेला तो कूलर बैठकीच्या खिडकीपाशी बसायचा आणि त्याचं तोंड वर्षानुवर्षं भगवंतरावांच्या खाटेकडे असायचं. दुपारी भगवंतराव त्याच्यासमोर झोपायचे आणि घोरायचे. त्यांच्या घोरण्यापुढं कूलरचा आवाज ऐकू येत नसे.

वर्षालीचं टेबल त्याच बैठकीत, दुसऱ्या भिंतीला. लॅपटॉप दुपारी असा तापायचा की त्यावर पापड भाजून निघावा. आतला पंखा घरघर करायचा. एक दिवस तिनं सरळ कूलरचं तोंड फिरवलं आणि लॅपटॉपकडे केलं.

"काय करून राह्यली वं?" माणिकबाईंनी विचारलं.

"मशीनले हवा पाहिजे, आई. गरम झालं का बंद पडते. माणसाचं काय, माणूस सावलीत बसते."

माणिकबाई बघतच राहिल्या. पण भगवंतराव उठले, खाट उचलली आणि अंगणातल्या लिंबाखाली नेली. "बरोबर म्हणते ते," ते म्हणाले. "कामाची चीज पहिले." सासरा सुनेसाठी कूलर सोडतो, ही त्या गावातली पहिलीच वेळ. वर्षालीला त्याचं फार बरं वाटलं. थोडी फुशारकीही वाटली, आणि ती तिनं फोनवर आईला सांगूनही टाकली.

कूलरमध्ये पाणी भरायचं कामही तिचंच. नळाचं गोडं पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं. ते प्यायला आणि डाळ शिजवायला. कूलरला बोअरचं पाणी, आणि त्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी म्हणजे खार. खारपाणपट्टा नावच पडलं आहे त्या मुलखाला. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ज्या बादलीत ते राहतं तिच्या काठाला पांढरी खपली धरते. कूलरचं गवतही महिन्याभरात पांढरं होऊन कडक व्हायचं. इतक्या वर्षांत त्याकडे कोणी वळून पाहत नव्हतं.

एप्रिल संपता संपता एका दुपारी वर्षालीचा लॅपटॉप सुरूच होईना. पडदा काळा, आणि आतून तीन वेळा पीं पीं पीं. संध्याकाळी पिंटू आला. त्यानं मागचं झाकण उघडलं, दोन्ही पट्ट्या काढल्या, फुंकर मारली, परत बसवल्या. लॅपटॉप सुरू झाला.

"कायचं होतं?" वर्षालीनं विचारलं.

"हलली असन जराशी," पिंटू म्हणाला.

आठवड्यानं पुन्हा पीं पीं पीं. या वेळी पिंटूनं नीट तपासणी केली. एकटी जुनी पट्टी लावून पाहिली, मशीन चाललं. एकटी नवी लावली, बोंबललं. जागा बदलून पाहिल्या. मग म्हणाला, नवी पट्टीच खराब निघाली. दुसऱ्या दिवशी बसनं अमरावतीला गेला. तिथल्या दुकानदारानं ती पट्टी आपल्या मशीनमध्ये घातली तर ती छान चालली. "काही झालं नाही इले," तो म्हणाला, पण ओळखीपायी बदलून दिली. पिंटू येताना बसमध्ये डोकं खाजवत आला असणार.

दुसरी पट्टी मे महिन्याच्या मध्यापर्यंत चालली, आणि मग एका फाईलच्या ऐन मधोमध पडदा निळा झाला. कंपनीकडून वर्षालीला ताकीद आली, गोड इंग्रजीत आणि म्हणून जास्त झोंबणारी. इथं वर्षालीचं डोकं फिरलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "पिंटू भाऊजीनं माह्या मशीनची वाट लावली," असं ती सासूला म्हणाली, नवऱ्याला म्हणाली, आणि हौदावर शेजारच्या तानुबाईला म्हणाली. तानुबाईला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. रागात होती, म्हणून सांगितलं.

आठवड्याच्या आत तानुबाईच्या पोरानं दुरुस्तीला दिलेला आपला कॉम्प्युटर पिंटूच्या टेबलावरून उचलून नेला. मग शाळेच्या हेडमास्तरांचा प्रिंटर गेला. ज्यानं घरच्या वहिनीचं मशीन बिघडवलं तो लोकांचं काय नीट करणार, हा हिशोब कोणालाही कळण्यासारखा. अर्ध्या टेबलावर आता नुसता स्क्रू-ड्रायव्हरचा संच उरला.

पिंटू भांडला नाही. तो संध्याकाळी येऊन लॅपटॉपसमोर बसायचा आणि खाचेत टॉर्च मारून एखादी तार वाकली आहे का ते शोधायचा. वाकलेलं काही दिसायचं नाही, आणि नव्या पट्टीच्या दातांकडे त्याचं लक्षच जात नव्हतं. एकदा तो आपल्याच अंगठ्याकडे बघत म्हणाला, "मी बसवतानी जास्त जोर लावला असन, वहिनी. माह्याच हातानं काहीतरी झालं." वर्षालीलाही तसंच वाटत होतं.

मे सरता सरताची एक दुपार. माणिकबाई आत तिखट कुटत होत्या. भगवंतराव लिंबाखाली खाटेवर. वर्षाली एका बिलावर लाल खूण करत होती तेवढ्यात पीं पीं पीं. पिंटू दर्यापूरला. फाईल तासाभरात द्यायची होती. तिनं दात ओठ खात पिंटूनं घरी ठेवलेला छोटा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घेतला, लॅपटॉप पालथा केला आणि स्वतःच झाकण उघडलं. इतक्या वेळा बघून तिला ते येऊ लागलं होतं.

पट्टी बाहेर आली. खालच्या सोनेरी दातांवर, अगदी कडेला, पांढरं काहीतरी धरलेलं होतं. बारीक, पिठासारखं. मधल्या दोन-चार दातांवर हिरवट डाग. झाकणाला हवेसाठी ज्या फटी असतात त्यांच्या आतल्या बाजूलाही तीच पांढरी रेघ. धूळ असेल म्हणून तिनं बोट फिरवलं. धूळ नव्हती, खरखरीत होतं. आणि मग तिनं ते केलं जे त्या पट्ट्यातलं कोणीही माणूस विचार न करता करतं. बोट जिभेला लावलं.

खारट.

तिनं मान वर केली. समोर कूलर होता, तोंड तिच्याकडे, आणि त्याच्या जाळीच्या प्रत्येक तारेवर तीच पांढरी खपली. हवेबरोबर बारीक तुषार येत होते. तिच्या हाताच्या लवेवरही ते बसत होते. दोन महिने ती हवा या मशीनमध्ये जात होती, आणि ती तिनंच सोडली होती. सासऱ्याला उन्हात काढून, सासूला गप्प करून, आपल्या हातानं बोअरच्या बादल्या ओतून. पिंटूच्या अंगठ्यानं काहीसुद्धा बिघडलं नव्हतं. अख्खी अमरावती पालथी घातली, आणि कळसा काखेत.

नेमक्या त्याच वेळी अंगणातून भगवंतरावांचा फोनवरचा आवाज आला. अकोल्याला मेव्हण्याशी बोलत होते. "होय, पाठवतो त्याले. मृगापर्यंत थांबून काय कराचं? लोकाईनं सामान वापस नेलं त्याच्या टेबलावरचं. घरच्या सुनेचं मशीन खराब करून बसला, आता कोण देते त्याले काम."

वर्षाली उठून दारापर्यंत गेली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. हातात पट्टी होती, पट्टीवर खार होता, समोर सासरा होता. चार पावलं नव्हती. पण आतून माणिकबाईंच्या उखळीचा आवाज थांबला, आणि वर्षालीला एकदम डोळ्यांपुढं दिसलं. माणिकबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या आहेत आणि म्हणताहेत, माणसाईले उन्हात काढलं ना वं मशीनसाठी? तानुबाई हौदावर हसते आहे. पुण्याच्या दवाखान्यांचा कान पिळणारी सून, हिला बोअरचं पाणी समजलं नाही!

शिवमचं, म्हणजे तिच्या मुलाचं, दप्तर टेबलाखाली होतं. त्यातलं खोडरबर तिनं काढलं आणि पट्टीचे दात घासले. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, मग जुन्या पट्टीचेही. खाच जुन्या दात घासायच्या ब्रशनं झाडली. झाकणाच्या फटी पदरानं पुसल्या. सोनं लखलखीत निघालं. पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं, लॅपटॉप एका झटक्यात सुरू झाला.

"झालं का वं सुरू?" माणिकबाई दारात.

"हो. नुसतं काढून लावलं."

हे खोटं. लहानसं, पण सांगताना तिचे कान गरम झाले. फाईल पाठवून ती उठली आणि कूलरचं तोंड खाटेच्या जागेकडे फिरवलं. "मामाजी, आत या," ती म्हणाली. "बाहेर उन्हाची लय झाव लागते." भगवंतराव खाट घेऊन आत आले, हवेत बसले आणि बायकोला म्हणाले, "पाहा, काळजी कशी असते माणसाची." त्या दिवसापासून वर्षालीला सासऱ्याच्या कौतुकाची धास्ती बसली.

संध्याकाळी पिंटूला सांगण्यात आलं की शनिवारी अकोला. त्यानं मान हलवली आणि हात धुवायला गेला.

शनिवारपर्यंत वर्षाली रोज सांगणार होती. सकाळी चहाला सांगणार होती, तेव्हा हेडमास्तर आले. दुपारी सांगणार होती, तेव्हा पिंटू टेबल आवरायला दर्यापूरला गेला होता. कारणांना तोटा नसतो. शेवटी शनिवारी दुपारी, पिंटूला निरोप द्यायला मनोजही घरी थांबलेला आणि सगळे जेवायला बसले असताना, भाकर वाढता वाढता तिच्या तोंडून निघालं.

"भाऊजीईची चूक नाही," ती म्हणाली. "चूक माही हाय."

सगळ्यांचे घास थांबले. मग तिनं सगळं सांगितलं. कूलर, बोअरचं पाणी, पांढरा खार, जीभ. रडू येऊ नये म्हणून ती भराभर बोलत होती आणि त्यामुळं ते पाठ केल्यासारखं वाटत होतं.

"खार?" भगवंतराव म्हणाले. "मशीनमंधी? दाखव बरं."

तिनं लॅपटॉप आणला, पालथा केला, पट्टी काढली. सोनेरी दात चकचकत होते. झाकणाच्या फटी स्वच्छ.

"मी पुसलं," ती म्हणाली. "त्या दिवशी पुसलं मी."

"काहून पुसलं?"

तिनं पट्टी परत खाचेत बसवायला घेतली. भगवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. असा मऊ तो लेकीच्या बिदाईलाही झाला नव्हता. "समजलं मले," ते म्हणाले. "पिंट्या, पाह्य. तू जाऊन राह्यला म्हणून ही पोरगी तुही चूक सोतावर घेऊन राह्यली. वहिनी माय असते म्हणतात ते खोटं नाही. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी भेटत नाही."

"मामाजी, मी खरं सांगून राह्यली—"

"बस झालं वं पोरी. जेव."

मनोज गालात हसत बायकोकडे बघत होता, अभिमानानं. माणिकबाईंनी पदर डोळ्याला लावला. ज्या बाईच्या टोमण्याच्या भीतीनं तिनं ते खोडरबर उचललं होतं, ती बाई तिच्यासाठी रडत होती. वर्षालीला वाटलं ताट फेकून द्यावं, ओरडावं. पण सगळ्या घरानं एकदम प्रेमानं बघितलं की माणसाचा आवाज बसतो. ती गप्प बसली, आणि तो गप्प बसण्याचा क्षण तिला पुसण्याच्या क्षणाइतकाच पुढं डाचत राहिला.

निघताना पिंटू तिच्या पाया पडण्यासाठी वाकला. तिनं त्याचे खांदे धरले. "भाऊजी, देवाशपथ सांगते, तुमच्या हातात काही दोष नाही. कूलरनंच झालं ते."

तो हसला. डोळे ओले होते. "राहू द्या, वहिनी," तो म्हणाला. "माह्यासाठी एवढं खोटं कोनी बोललं नाही आजपर्यंत. मले माहीत हाय माहा हात कसा हाय." आणि जीपमध्ये बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षालीनं कूलरचं तोंड परत लॅपटॉपकडे फिरवलं. सासऱ्याला म्हणाली, मशीन तापून राह्यलं. पुन्हा खाट लिंबाखाली. बोअरच्या पाण्याच्या दोन बादल्या जास्त ओतल्या. तिला आता ते मशीन बंद पडायला हवं होतं. खार धरू दे, पीं पीं पीं होऊ दे, मग पुसल्याशिवाय ते सगळ्यांना दाखवायचं. काम गेलं तर गेलं.

आणि लॅपटॉप चालला. असा चालला की काय सांगावं. रुसलेला माणूस मनवणं सोडलं की हसायला लागतो, तसं त्याचं झालं. रोज सकाळी ती बटण दाबायची आणि तो सुरू व्हायचा. मृग लागला, पेरण्यांची बोलणी सुरू झाली, तरी दमट उकाड्यात कूलर सुरूच होता. कंपनीनं तिचं काम चांगलं चाललंय म्हणून कळवलं. पिंटूचा फोन मनोजला यायचा, मिलीत धूळ फार आहे, बाकी ठीक, एवढंच. मामाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मामा म्हणाला होता बघ जरा, तर पिंटूनं हात लावला नाही. दुसऱ्याला बोलवा म्हणाला. मनोजनं हे हसत सांगितलं. वर्षालीच्या हातातली परात पडली.

जून संपायला आला तेव्हा, एकदाचं, पीं पीं पीं. वर्षाली इतकी आनंदली की तिनं हाकाच मारल्या. "मामाजी! आई! या, पाहा!" तिनं घाईनं झाकण उघडलं, पट्टी काढली आणि सासऱ्यासमोर धरली. दातांवर पांढरं, हिरवट. "हे पाहा. मी म्हणत होती ना? हा खार. चव घेऊन पाहा पाहिजे तं."

भगवंतरावांनी पट्टी उजेडात धरली. बराच वेळ बघितली. मग मान हलवली.

"पाह्य ना," ते म्हणाले. "गेला तरी त्याचं करनं अजून निघून राह्यलं. कशी जंगलेली पट्टी टाकून गेला पोट्टा. आणि तू अजून त्याले वाचवून राह्यली. एवढं चांगलं असू नाही माणसानं, वर्षाली." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून ते वावरात निघून गेले.

तिनं पट्टी परत घेतली. तिला कळलं की या घरात आता तिचं खरं कधीच चालणार नाही. ती चांगली ठरली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ती पट्टी कापसात गुंडाळून एका स्टीलच्या डबीत ठेवली, सासूला सांगितलं की अकोल्याला मशीन दाखवायचं आहे, आणि बस पकडली. एमआयडीसीतली डाळमिल शोधायला वेळ लागला नाही, तुरीच्या डाळीचा वास लांबूनच येतो. पिंटू बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर, केसांवर पिवळी धूळ होती. "घरी सगळे बरे हायत ना?" त्यानं घाबरूनच विचारलं.

तिनं डबी उघडून दिली. पिंटूनं पट्टी कडेनं धरली, अजूनही तशीच, कडेनं. उन्हाकडे करून तिरकी फिरवली. जवळ नेली. त्याचा चेहरा बदलत गेला.

"हा तं खार हाय," तो म्हणाला. "वहिनी, हा खार हाय! जाळीतून हवेबरोबर गेला हा आत. म्हंजे... म्हंजे माह्या हातानं नाही झालं?"

"नाही झालं."

तो हसला. मोठ्यानं हसला, तिथल्या हमालानं वळून बघितलं. त्यानं आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "मी महिनाभर पेचकस हातात नाही धरला," तो म्हणाला. "वाटे, पुन्हा काही मोडन माह्या हातानं." वर्षाली त्याचं हसणं बघत होती आणि तिला पहिल्यांदा हलकं वाटत होतं. इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण पिंटू हुशार पोरगा. त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मंग जेवतानी तुमी सांगितलं थे खरं होतं."

"हो."

"आणि त्याच्या आंधीही पट्टीवर असाच खार होता. तुमी पाहिला होता."

"हो."

"मी अकोल्याले आलो नव्हतो तवा. त्याच संध्याकाळी आलो होतो मी." तो शांतपणे बोलत होता, पट्टी कशी तपासायची ते समजावून सांगावं तसा. "पुसाच्या आंधी काहून नाही सांगितलं, वहिनी?"

"भेव वाटलं," ती म्हणाली. "माहा मान जाईन असं वाटलं."

पिंटूनं पट्टी कापसात ठेवली, डबी बंद केली आणि तिच्या हातात दिली. आतून कोणीतरी त्याला हाक मारली. "आलो," तो म्हणाला, पण लगेच गेला नाही.

"मी येते ना संग, भाऊजी. आता मामाजीईसमोर तुमीच समजावून सांगा. तुमचं ऐकतीन."

"माहं काय ऐकतीन," तो म्हणाला. "म्हणतीन, वहिनीनंच शिकवून पाठवला." मग मान खाली घालून, भुवयांवरची धूळ पुसत तो म्हणाला, "बाबाचा फोन आला का पहिले तुमची तारीफ करते. तुह्या वहिनीनं असं केलं, तुह्यासाठी तसं बोलली. इकडं कोनी नाही माह्या ओळखीचं, तं थे ऐकून मले लय बरं वाटे."

आतून पुन्हा हाक आली, आणि तो मिलीत निघून गेला.